अकरा सेंटिमीटरची नळी

शीळ मिनिटाला बावीस वेळा वाजत होती. आत जाताना बारीक, बाहेर येताना किंचित जाड. पार्टिशनच्या अलीकडे डबा घेऊन उभ्या असलेल्या तिने मनगटावरच्या घड्याळात पूर्ण मिनिट मोजलं. नवऱ्याचे श्वास रोज मोजायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सकाळीही बावीसच होते.

"अहो, आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. शीळ चालूच राहिली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तोंडात फुंकनळीचं रबरी टोक असताना माणूस बोलणार तरी कसा? एकतीस वर्षं तो या कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी काच फुंकत होता. फ्लास्क, वेटोळ्या नळ्या, फुटलेल्या उपकरणांची जोडणी. मुलं त्याला फुंकरमास्तर म्हणत.

ती आत गेली. आत कोणीच नव्हतं.

बर्नर विझलेला होता, स्टूल रिकामं होतं, आणि शीळ तिच्यापासून हातभर अंतरावर वाजत होती. स्टँडच्या चिमट्यात काचेची एक नळी धरलेली होती. मध्यावर ती आवळलेली होती, कुणी चिमटीत दाबून धरावी तशी. तिच्या डोळ्यांदेखत ती नळी श्वास घेत होती आणि सोडत होती.

"घाबरलीस?"

तो दारात हात पुसत उभा होता. चार पावलं चालून आल्यानेच त्याला धाप लागली होती. मग त्याने थांबत थांबत सांगितलं, की भिंतीतल्या पंख्याची झडप सैल झालीय, ती उघडझाप करते, म्हणून वारा असा हप्त्याहप्त्याने येतो. नळीची मापं डॉक्टरांच्या कागदावरून घेतलेली होती. लांबी अकरा सेंटिमीटर, रुंदी अठरा मिलिमीटर, गाठीपाशी पाच.

"ही माझी श्वासनळी," तो म्हणाला. "निदान बघायला तरी मिळाली."

तो बोलायचा थांबला तेव्हा खोलीत दोन शिळा वाजत होत्या. आधी मागेपुढे, मग हळूहळू एकाच लयीत. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

दोन महिन्यांपूर्वी सर्जननी काही लपवलं नव्हतं. गाठीसकट चार सेंटिमीटर नळी कापायची, उरलेली दोन टोकं ओढून एकमेकांना शिवायची. सांध्यावर ताण नको म्हणून हनुवटी सात दिवस छातीला टाक्यांनी बांधून ठेवायची. शंभरातल्या दहांचा सांधा त्रास देतो, चार-पाच जण ऑपरेशनच्या टेबलावर किंवा नंतर दगावतात. सांधा उसवला तर गळ्याला कायमचं भोक. मग फुंकणं संपलं. काहीच केलं नाही, तर नळी वर्षाच्या आत बंद होईल.

"जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, आता सात दिवस घालू?" असं म्हणून तो तेव्हा हसला होता आणि "बघू" म्हणाला होता. त्यानंतर रोजच बघू. कॅलेंडरात बघू नावाचा वार नसतो, असं ती त्याला एकदा तडकून म्हणालीही होती. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिला ठाऊक होती. दुसऱ्याने केलेल्या सांध्यावर त्याने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. बाहेरून जोडून आलेलं उपकरण तो आधी तोडायचा आणि मग स्वतः जोडायचा.

त्याने भट्टीचं दार उघडून एक ट्रे बाहेर काढला. ट्रेमध्ये तशाच, पण आखूड सहा नळ्या होत्या. आवळलेला भाग कापून टोकं ज्योतीवर जोडलेल्या. ती मोजत गेली. पाचवीच्या सांध्यावर केसाएवढी चीर होती.

"रात्रभर भट्टीत ठेवल्या होत्या, हळूहळू थंड केल्या. हातही लावला नाही. तरी एक तडकली."

"काच आणि माणूस एक नव्हे."

"नव्हेच. पण हात तोच की. एकतीस वर्षांचा." चीर असलेली नळी त्याने उजेडात धरली. "सहात एक. डॉक्टर तर दहात एक म्हणत होते."

एकेका नळीसाठी त्याला किती वेळा थांबून दम घ्यावा लागला असेल, याचा हिशोब तिच्या मनात आपोआप सुरू झाला होता. तो थांबवायला तिने भिंतीकडे जाऊन पंख्याचं बटण दाबलं.

स्टँडवरची शीळ विरत गेली. दुसरीही.

तिने घड्याळ पाहिलं. एक. दोन. तीन. मागे वळायचं धाडस तिला होईना. पाच. सहा.

मग पाठीमागे हवा बारीक, घासत आत गेली. फुंकनळीचं रबर गुंडाळून खणात ठेवल्याचा आणि खण बंद झाल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांना फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, सोमवारी कापा."