आमची घटना

खुशालराव तायडेंनी अमेरिका पाहिली नव्हती, पण ती त्यांना तोंडपाठ होती. अकोल्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं या माणसानं. तेरा वसाहती, सतराशे सत्त्याऐंशीचं फिलाडेल्फिया, उन्हाळ्यात खिडक्या बंद करून भांडत बसलेले पुढारी, सगळं वऱ्हाडीत. बाळापूर-पातूरची पोरं त्यांच्या तासाला झोपत नसत, ही काय साधी गोष्ट आहे?

म्हणून न्यू जर्सीहून त्यांची एकुलती पोरगी पौर्णिमा फोनवर म्हणाली, "बाबा, माही नागरिकशास्त्राची परीक्षा आहे. इथलं सरकार कसं बनलं ते शिकवा ना मले," तेव्हा रिटायर मास्तर नुसते हरखून गेले. रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल. इस्त्रीचा सदरा घालून बसायचे, बाप्पा! बायको, मायाबाई, चहा ठेवायच्या आणि लगबगीनं आत जायच्या.

खुशालरावांनी मनाशी हिशेब जुळवून टाकला. पोरीनं कॉम्प्युटरची नोकरी सोडली, ती मास्तरीण व्हायला निघाली. मास्तरीण झाली की इकडेच येणार. अमरावतीला इंजिनिअरिंग करून ती गेली तेव्हा म्हणालीच होती, "पाच वर्षं, बाबा, मंग अकोल्यातच." त्याला आता बारा वर्षं झाली होती. तिच्यासाठी वर बांधलेल्या दोन खोल्यांना त्यांनी याच महिन्यात नवा रंग दिला. कॉलेजच्या संस्थेचे सचिव केशवराव यांना गाठून पोरीसाठी शिकवायची एखादी जागा पाहून ठेवा म्हणाले. आता तुम्ही म्हणाल, राज्यशास्त्राच्या मास्तराला ही परीक्षा कसली ते कळू नये? नाही कळलं. आस लागली की माणसाची अक्कल गहाण पडते.

शिकवायचे मात्र झकास. "पयलं सरकार त्याइनं असं बनवलं, का त्याले कर वसूल कराचाच अधिकार नाई. सांग, चालन का? मंग सारे पुन्हा बसले. ऱ्होड आयलंड नावाच्या राज्यानं माणूसच नाई धाडला. लग्नात जवाई रुसते ना, तसं! सगळ्यात शेवटी सही केली त्यानं."

पौर्णिमा खळखळून हसायची. म्हातारा दिवसभर त्या हसण्यावर जगायचा.

एका ठिकाणी मात्र त्यांचा आवाज दर वर्षी अडायचा, याही वेळी अडला. "लोकसंख्येत गुलाम पाच असले तर मोजाचे तीन. अन् मत? एकालेही नाई. माणूस मोजासाठी अपूर्णांक लागला त्याइले, पोरी." मग मागच्या भिंतीवर टांगलेल्या भारतीय घटनेच्या उद्देशिकेकडे बोट दाखवून म्हणायचे, "आपली घटना पाय. पयल्या दिवसापासून, एका माणसाले एक मत."

परीक्षा चार दिवसांवर आली. त्या गुरुवारी उजळणी चालली होती.

"सिनेटर किती?"

"शंभर. लहान-मोठ्या साऱ्या राज्याइले सारखे दोन."

"शाबास. घटनेले दुरुस्त्या किती?"

"आमच्या घटनेले सत्तावीस."

खुशालराव थांबले. "कोणाच्या?"

"आमच्या," ती पटकन म्हणाली. आणि तीही थांबली.

इंग्रजीत बोलली असती तर खपून गेलं असतं. इंग्रजीला एकच शब्द पुरतो. आपल्या मराठीत तसं नाही हो. 'आपली' म्हटलं की ऐकणारा घरात असतो, 'आमची' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. आणि पोरगी वऱ्हाडीत बोलली होती, बापाशी.

"पौर्णिमा, परीक्षा कायची आहे?"

"नागरिकत्वाची, बाबा." तिचा आवाज बारीक झाला. "मले वाटलं तुमाले समजलं असन. अन् नंतर आईले सांगतलं, तर आई म्हणे, बाबाले मी सांगीन."

त्यांनी मान वळवली. मायाबाई दारातच उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"कशी सांगू जी?" त्या म्हणाल्या. "तुमी रिटायर झाल्यापासून इतकं खुश मी तुमाले पायलंच नाई."

खुशालरावांनी मान परत वळवली. "पासपोर्ट?" त्यांनी फोनला विचारलं.

"परत द्या लागते. शपथीत म्हणा लागते, का आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडली." ती रडू लागली. "बाबा, लेकरं इथंच जन्मली, इथंच शाळेत आहेत. कशी येऊ मी? तुमी नको म्हणा, मी नाई जात परीक्षेले."

झालं! पेच आणून टाकला बापाच्या पदरात. नको म्हणायची फार इच्छा झाली त्यांना. जिभेवर आलं होतं. पण ही पोर लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून शिकली होती, की सरकार कोणतं मानायचं ते माणसानं स्वतः ठरवायचं असतं, बापानं नाही. स्वतःच शिकवलेलं मोडायचं कोणत्या तोंडानं?

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"रडू नको. पुढचा प्रश्न," ते म्हणाले. "पयल्या दहा दुरुस्त्या कोणत्या साली?"

"सतराशे एक्क्याण्णव," ती हुंदके देत म्हणाली.

उरलेले तीन दिवसही शिकवलं त्यांनी, एक प्रश्न न गाळता. पौर्णिमाचं एकही उत्तर चुकलं नाही. शपथविधीचा फोटो आला. हातात छोटासा झेंडा, डोळे सुजलेले. केशवरावांनी रस्त्यात अडवून जागेचं काढलं, तर "नको आता" एवढंच म्हणून मास्तर पुढे गेले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात मायाबाईंना ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. पण ऐकू गेलं.

दोन महिन्यांनी सकाळी सातलाच पौर्णिमाचा फोन आला.

"बाबा, मे महिन्यात येऊन राहिलो आमी, तीन हप्त्यांसाठी. व्हिसाचा फॉर्म भरून राहिली."

"कोणाचा व्हिसा?"

"माहा, बाबा."

खुशालरावांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"यात भारतातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता मागून राहिले," ती चाचरत म्हणाली. "तुमचं टाकू?"

"टाक ना, पोरी," खुशालराव म्हणाले, आणि ज्या घरात ती रांगायला शिकली त्या घराचा पत्ता तिला एकेक अक्षर सुटं करून सांगू लागले, पिनकोडासकट.