दानाला जामीनदार

आमचे हे एका छोट्या सहकारी बँकेत कारकून म्हणून चिकटले ते मॅनेजर होऊनच सुटले. एकतीस वर्षांत यांनी दिलेलं एकही कर्ज बुडालं नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. यांच्या माघारी लोक यांना 'जामीन आणा' म्हणत. मीही म्हणायचे, पण स्वयंपाकघरात.

निरोपसमारंभात कौतुक डोक्यात गेलं आणि यांनी थेट माईकवरून जाहीर केलं, निवृत्तीच्या पैशातला चौथा हिस्सा गरजूंना दान! मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार, सगळे माझ्याकडेच बघत होते.

सहा महिने झाले तरी दमडी हलली नाही. यांना येऊन जाऊन फक्त कर्ज देता येत होतं. म्हणून बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, कर्जाचा जुना अर्ज काढला, 'कर्ज' खोडून वर 'दान' लिहिलं आणि बाकीचे रकाने तसेच ठेवले. तारण, परतफेडीची क्षमता, दोन जामीनदार. लोक यायचे, अर्ज वाचायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे. पाणी मी द्यायचे.

मग गॅरेजवाला आला. जॅकवरून गाडी घसरून त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली कापावा लागला होता. कुबड्यांवर दोन जिने चढून आला तेव्हा शर्ट घामाने चिंब. महिनाअखेरपर्यंत कृत्रिम पाय बसवून तो कामाला लागला नाही, तर जागेचा मालक गॅरेज दुसऱ्याला देणार होता. बायको, दोन पोरी, सगळं त्या गॅरेजवर.

"तारण काय?" यांनी विचारलं.

"एक पाय आहे की अजून. ठेवून घ्या."

मी फिसकन हसले. यांनी शांतपणे रकान्यात 'नाही' लिहिलं.

"जामीनदार?"

"साहेब, सध्या सख्खा भाऊ मला ओळख देत नाही."

"मग अवघड आहे," हे म्हणाले, अगदी बँकेतल्या आवाजात. त्या माणसाने कुबड्या जवळ ओढल्या. माझं डोकंच फिरलं. यांच्या हातातलं पेन हिसकावलं आणि जामीनदारांच्या दोन्ही रकान्यांत सही ठोकली.

"अगं, दोन वेगळी माणसं लागतात!"

"पहिली सही तुमच्या बायकोची. दुसरी उद्यापासून माहेरी राहणाऱ्या बाईची. झाली दोन."

"आणि पैसे बुडाले तर?"

"अहो, बुडणारच! त्यालाच दान म्हणतात!"

यांनी दोन्ही सह्या पडताळून पाहिल्या. मग चेकबुक काढलं. आकडा तीनदा तपासला, सही करताना ओठ घट्ट मिटलेले. दात काढून घ्यायला आलेला माणूस बाहेर बाकावर असाच बसतो.

चार महिन्यांनी एका सकाळी गॅरेजवाला पुन्हा आला, चांगला दोन पायांवर, हातात पाकीट घेऊन. गॅरेज वाचलं होतं.

"पहिला हप्ता," त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. "मी बुडवणाऱ्यांतला नाही, साहेब."

सवयीने यांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"नको."

"का? कमी आहेत?"

"नको म्हटलं ना! हेही परत घेतलं तर आयुष्यात मी कुणाला काय दिलं?" यांनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "बुडवा हो. हात जोडतो तुम्हाला, बुडवा!"

मला रडू फुटलं. एकतीस वर्षं ज्याची टिंगल केली, तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता आणि मला तो फार आवडला.

गॅरेजवाला मात्र चांगलाच अडचणीत सापडला. पाकिटाकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, शेवटी नाइलाजाने पाकीट खिशात कोंबलं.

"तुमच्यासाठी म्हणून हं, साहेब," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे मी बुडवले नसते."