चार बोटांचं अंतर

मित्रांनो, मला फिरवण्याआधी जरा थांबा. मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझ्या निळ्या समुद्रात एके ठिकाणी रंग जाऊन पांढरा ठिपका पडला आहे. ते उंदरांचं काम नव्हे. ती जागा एका आईच्या बोटाने झिजली आहे.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं, वर नकाशा चिकटवला, आत पितळी कणा बसवला. मग मी विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका दुकानात टेबलावर येऊन बसलो. दुकानदाराला सगळे तिकीटमामा म्हणत. गिऱ्हाईक आलं की मामा दोन शहरांमध्ये लाल दोरा ताणत आणि त्यावर आपली जाडजूड बोटं आडवी ठेवत. एक बोट म्हणजे एक तास, असा त्यांचा हिशेब. तो बहुधा बरोबर येई. लोक तोंडात बोटं घालत आणि मी उगाच मिजाशीत फिरत असे.

एकदा समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई लेकीला घेऊन आल्या. लेकीला परक्या शहरात नोकरी लागली होती. तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता, आईचा मात्र जीव खालीवर होत होता.

मामांनी दोरा ताणला. "ताई, चारच बोटं! चार तासांत पोरगी तिकडे."

"तुझा एक झगा शिवून होईपर्यंत मी तिथे," लेक हसली. "उतरले की लगेच फोन करते, आई, पोचले म्हणून."

बाईंच्या घरी फोन नव्हता, म्हणून विमान उडालं त्या दिवशी त्या दुकानातच येऊन बसल्या. चार तास उलटून गेले. शेवटी फोन वाजला. मामांनी तो ऐकून खाली ठेवला आणि बाईंना सांगितलं. विमान समुद्रावर असताना दिसेनासं झालं होतं.

बाईंनी ऐकलं, पण मानलं नाही. त्या उठल्या, त्यांनी त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणला आणि सुईने टोचलेलं आपलं बारीक बोट त्यावर ठेवून मोजू लागल्या.

"मामा, तुमची बोटं जाड आहेत. माझ्या बोटांनी सहा होतात. अजून वेळ आहे."

मामांनी दोरा तिथेच बांधून टाकला.

मग त्या रोज दुपारी येऊ लागल्या. बोट या शहरातून निघे, समुद्रावर येई आणि तिथेच अडखळे. "आज नाही वाटतं. उद्या बघू," असं म्हणून त्या घरी जात. वर्षं गेली. बाई खंगल्या, बोट काडीसारखं झालं, आणि अंतर वाढतच गेलं. सहाची सात झाली, साताची आठ. मामांनी तो दोरा कधी सोडला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही पुन्हा बोटं मोजून दाखवली नाहीत.

आता बाई नाहीत, मामाही नाहीत. मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे आणि दोरा केव्हाच कुजला. पण दुपार झाली की माझा कणा आपोआप कुरकुरतो. कुणीतरी समुद्रावर हलकेच बोट टेकतं. त्या बोटावर सुई टोचल्याच्या खुणा आहेत. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण ते बोट रोज तिथेच थांबतं.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी म्हणणार नाही. कधी सापडलो तर एवढंच करा. या शहरावर बोट ठेवा आणि सावकाश समुद्रावर आणा. पांढऱ्या ठिपक्याशी ते गार पडेल. घाबरून उचलू नका. तसंच पुढे न्या, पार पलीकडच्या शहरापर्यंत. आणि तिथे टेकलं की जरा मोठ्याने म्हणा, "आई, पोचले."