बारकूच्या अँबॅसेडरचा पंप

मी पॉवर स्टेअरिंगचा पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे, की तुम्ही लगेच पाणी किती इंची म्हणून विचाराल! मी बसतो गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून. पट्टा मला फिरवतो, मी तेल दाबतो, आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं वळतात. वर बसलेला माणूस एका बोटानं स्टेअरिंग फिरवतो आणि मिशीला पीळ देतो. घाम माझा, रुबाब त्याचा.

मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दाब देणं हेच ज्याचं काम, त्याचं डोकं थंड कसं राहणार? तेल कमी पडलं की मी किंचाळतो. स्टेअरिंग टोकाला नेऊन उगाच धरून ठेवलं की गुरगुरतो. माणसंही तशीच असतात म्हणा, पण त्यांचं तेल नक्की कशानं कमी होतं ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्मच मारझोडीत झाला. तापल्या धातूचा रस साच्यात ओतला, मी थंड होतोय न होतोय तोच मला भोकं पाडली, घासलं, ठोकलं. तिथून गेलो मुरबाडच्या एका खडीवाल्याच्या जीपमध्ये. तिचा ड्रायव्हर बुधू. हा बाबा दारू पिऊन गाडी चालवायचा आणि गंमत म्हणून रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावर घालायचा. बायाबापड्या डोक्यावरच्या मोळ्या टाकून चरात उड्या मारायच्या, आणि हा खदाखदा हसायचा. एका दुपारी माळशेजच्या घाटात त्यानं जीप सरळ कड्यावर घातली. स्टेअरिंगवर त्याच्या बरगड्या मोडल्या तो आवाज मी ऐकला. बुधू जगला. जीप मात्र भंगारात गेली आणि तिच्याबरोबर मीही.

भंगारातून मला सोडवलं जाणूनं. शहापुरातून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. त्यानं मला डिझेलनं धुतलं, नवी सीलं घातली, आणि फळीवर ठेवताना म्हणाला, "पडून रहा रे. तुझं गिऱ्हाईक येईल."

आलं. गिऱ्हाईकाचं नाव बारकू. डोळखांबकडचा शेतकरी. त्याच्याकडे पांढरी अँबॅसेडर होती, आणि त्या भागातला नवरदेव त्या गाडीशिवाय मांडवात जायचा नाही. शेती पावसापुरती, बाकी घर चालायचं ते याच गाडीवर. पण अँबॅसेडरचं जुनं स्टेअरिंग म्हणजे पैलवानाचं काम! जागेवर वळवायचं तर खांद्यापासून जोर लावावा लागे. आणि बारकूचा उजवा खांदा मोडलेला होता.

तो मोडला होता सख्ख्या थोरल्या भावानं. सावळारामनं.

ते भांडण मी पाहिलं नाही, पण गॅरेजच्या बाकावर बसून बारकूनं जाणूला सांगितलं ते सगळं ऐकलं. तुम्ही भात लावत नसाल तर आधी हे समजून घ्या. इकडे पेरणीच्या आधी जमिनीवर शेण, पाला, फांद्या पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोपात तण माजतं. त्याला ऐनाच्या झाडाचा टहाळा, म्हणजे पानांसकट फांद्या, सगळ्यात चांगला. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेतं वाटली गेली, पण ऐनाचं झाड नेमकं बांधावर उभं राहिलं. मग ठरलं, एक वर्ष थोरल्यानं तोडायचं, एक वर्ष धाकट्यानं.

"त्या साली पाळी माझी," बारकू सांगत होता. "जाऊन बघतो तं दादा झाडावर! म्हटला, तुझ्या पाळीला तू बोडका करून ठेवलास, मागल्या साली माझ्या वाट्याला काड्या आल्या. मी पाय धरून खाली ओढला त्याला. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली न् दांडा घातला."

एकदा नाही, तीनदा घातला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. एक अख्खी लग्नसराई गाडी गोठ्यात उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

म्हणून जाणूनं मला अँबॅसेडरमध्ये बसवलं. चाकं वळवणारा जुना रॅक काढून पॉवरचा घातला, इंजिनावर माझ्यासाठी पट्टी वेल्डिंग केली, पायप जोडले. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत पायपातली हवा काढली. मी आधी खूप ओरडलो, मग शांत झालो. बारकूची बायको सकुबाई हळदकुंकू घेऊन आली होती. तिनं माझ्या तेलाच्या डब्यावर कुंकू लावलं, ते ठीक. पण पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून ती झाकण उघडायला लागली! जाणू ओरडला, "ओ वयनी! ते केसांना लावा, पंपाला नको!"

बारकू आत बसला. उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला आणि फिरवला. चाकं वळली. त्यानं परत फिरवला.

"हलतंय गो सकू," तो म्हणाला. "या हातानं हलतंय."

ती पदर तोंडात धरून रडायला लागली. मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गाव बघायला लोटलं. बारकू सगळ्यांना करंगळीनं गाडी वळवून दाखवायचा. बघणारे म्हणायचे, "पावर टाकलीय! आता गाडी आपोआप वळते!" अहो, आपोआप कशी वळेल? हात फिरला तर मी जोर लावणार. हातच नाही फिरला तर मी काय डोंबल करणार? पण बारकू मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "हां, आपोआप." फुशारकीला कुठं लायसन लागतं!

ती लग्नसराई झकास गेली. माघात पुन्हा राबाचे दिवस आले. पाळी सावळारामची होती. त्यानं फांद्या तोडायच्या सोडून झाडच बुडातून पाडलं. म्हणे, आता पाळीची भानगडच नको.

सकुबाईनं धावत येऊन सांगितलं तेव्हा बारकू माझाच पट्टा तपासत होता. त्यानं बॉनेट असं आपटलं की माझ्या डब्यातलं तेल हिंदकळलं. गाडी चालू झाली. सकुबाई पुढं आडवी आली, बॉनेटवर दोन्ही हात आपटून ओरडायला लागली, "अवो नको! भाऊ हाय तुमचा! नको!" त्यानं गाडी मागं घेतली, तिला चुकवली, आणि रस्त्याला लागला.

सावळाराम ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे चालला होता. डोक्यावर ऐनाच्या टहाळ्याचा भारा, पानं डोळ्यांवर आलेली. बारकूनं त्याला पाहिलं आणि पाय दाबला. मी बुधूच्या हाताखाली दिवस काढलेत. माणूस दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालायला निघाला की स्टेअरिंग कसं गच्च, सरळ धरतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. बारकूनं अगदी तसंच धरलं होतं. शिव्या देत होता, रडत होता, आणि वेग वाढवत होता. मी नुसता फिरत होतो. काय करणार? मला ना हात ना पाय.

आवाजानं सावळाराम वळला. भारा डोक्यावरून घसरला आणि त्याचा चेहरा दिसला. पळायलाही सुचलं नाही त्याला. तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बारक्या?"

तेवढ्यात स्टेअरिंग फिरलं. गपकन, पुरं, त्या मोडक्या खांद्याच्या हातानं! माझ्याजवळ होता नव्हता तेवढा दाब मी ओतला. टायर किंचाळले, मी किंचाळलो. मडगार्ड सावळारामच्या नडगीवर बसलं, तो उडून शेतात पडला, आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. रेडिएटर फुटून उकळतं पाणी माझ्या अंगावर आलं. बारकूचं कपाळ काचेवर फुटलं.

लोक धावले. सावळारामचा पाय नको तिथं वाकला होता, तो गुरासारखा ओरडत होता. त्याला कुणाच्यातरी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मग सगळे बारकूकडे वळले. "काय झाला रे? काय झाला?"

बारकूनं चेहऱ्यावरचं रक्त पुसलं. सगळ्यांकडे बघितलं. आणि म्हणाला, "स्टेअरिंग फेल झालं. आपोआप वळलं."

अरे नालायका! माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या पंपानं तुझ्या हातून भावाचा खून होऊ दिला नाही, त्याच्याच नावानं बोंब? पण गावाला पटलं. का नाही पटणार? गाडी आपोआप वळते हे त्यांना त्यानंच तर सांगून ठेवलं होतं.

ट्रॅक्टरनं गाडी ओढून जाणूच्या गॅरेजात आणली. जाणूनं मला काढलं, बाकावर ठेवलं, हातानं फिरवलं. तेल नीट येत होतं. तो स्वतःशीच म्हणाला, "हा तं चांगलाय की." एवढ्यात अक्षय आला, सावळारामचा मुलगा. बरोबर चार पोरं. आल्या आल्या अक्षयनं जाणूच्या तोंडावर बुक्की मारली.

"भंगारातला पंप टाकतोस काय रे जाण्या? माझ्या बापाचा पाय गेला!"

"अरे, फिरवून बघ! पंप चांगला हाय!" जाणू तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. ऐकतो कोण? त्यांनी त्याला लाथांनी तुडवला, केस धरून बाकापाशी आणला. माझ्या शेजारी लोखंड पकडायचा शिकंजा होता. अक्षयनं जाणूचा उजवा हात त्यात घातला आणि दांडा फिरवला.

"ज्या हातानं बसवलास ना, तोच हात ठेवत नाय आज!"

तेव्हाच दारात बारकू दिसला. डोक्याला पट्टी. सकुबाई त्याला दंड धरून ओढत आणत होती. जाणूनं त्याला पाहिलं. "बारकूशेट, तुमी सांगा ना! स्टेअरिंग फिरत व्हता ना?"

बारकूनं डोक्यावरची पट्टी चाचपली.

अक्षयनं दांडा अजून आवळला. काड् असा आवाज झाला. जाणूनं जी किंकाळी फोडली, तशी मी कोरडा पडूनसुद्धा कधी फोडली नसेन. बारकू खाली बघत उभा. मी बाकावर नुसता तडफडत होतो. बोल रे, बोल! एरवी करंगळी नाचवत गावभर बोलत होतास!

सकुबाईनं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. अख्ख्या गावात कुणी बायकोनं नवऱ्याला चारचौघांत मारलेलं नसेल, पण तिनं मारली. "तुमी बोलता का मी बोलू?"

"सोड त्याला," बारकू म्हणाला. "अक्षय, सोड. पंप चांगला व्हता. तुझ्या बापाला मारायला मीच गेल्तो."

अक्षयनं शिकंजा सोडला. कोपऱ्यातली पहार उचलली. "काका," म्हणाला. पहार डोक्यावर गेली. बारकूनं हात वर केला नाही. उजवा त्याला करताही आला नसता.

जाणू खाली कोसळला होता, ठेचलेली बोटं छातीशी धरून. तिथूनच तो ओरडला, "थांब रे! पंप एकटा वळत नाय! हात फिरला तंच वळतो! गाडी वळली म्हंजे यानंच वळवली. नायतं तुझा बाप आज तिरडीवर असता!"

पहार तशीच वर राहिली. मग अक्षय ओरडला आणि त्यानं पहार घातली. माझ्यावर! एक, दोन, किती ते मोजायला मी शुद्धीत नव्हतो. माझा कान तुटला, पुली वाकली, पोटाला तडा गेला. मग तो माझ्याशेजारी बाकावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. माझी तक्रार नाही. बारकूच्या डोक्यापेक्षा मी परवडलो.

आता मी जाणूच्या फळीवर पडून आहे. त्याची दोन बोटं वाकत नाहीत, पाना डाव्या हातानं धरायला शिकलाय. बारकू त्याच्यापुढं मान वर करत नाही. परवा काठी टेकत सावळाराम आला. मला हातात घेतलं, तडा बघितला.

"हा दुरुस्त व्हईल?"

"नाय," जाणू म्हणाला.

"मग दुसरा बसव त्याच्या गाडीत. खांदा तं काय आता बरा व्हत नाय."

"बारकूशेटला सांगू, तुमी सांगितलं म्हणून?"

"सांगशील तं दुसरा हात पण शिकंज्यात घालीन," सावळाराम म्हणाला, आणि काठी आपटत गेला.

दुसरा पंप काल आला. माझ्या शेजारीच ठेवलाय, नवी सीलं, चकचकीत अंग, शिष्ट कुठला. मी उद्या भंगारवाल्याच्या टेम्पोत जाईन. जाण्याआधी त्याला एवढंच सांगितलं: बाबा रे, हा बारकू रागावला की तुला विचारणार नाही, सरळ जायला त्याला तुझी गरज नसते. पण मेल्याला ऐन वेळी लाज वाटते. ती वाटेल तेव्हा त्याचा खांदा कमी पडेल. तू पडू नकोस.