दोन बोटांची ओळख

मी बोलते आहे ती शुम्पेर्क गावातल्या एका खाटिकाच्या कोठारात उभी असलेली पिवळी गाडी. तीन दारे, चार चाके, तीन पेडल. दारांविषयी आणि चाकांविषयी कोणाचा कधी वाद झाला नाही. माझी कथा आहे ती तिसऱ्या पेडलची, म्हणजे डाव्या पायाखालच्या क्लचची.

ज्या कारखान्यात मी जन्मले त्याचे नाव घेत नाही. त्यालाही आता माझे नाव आठवत असेल असे वाटत नाही. सोमवारी तयार झालेल्या गाडीचे स्क्रू ढिले असतात असे आमच्याकडे म्हणतात. मी सोमवारची. माझा एकही स्क्रू आजवर ढिला झालेला नाही, त्यामुळे लोक काय म्हणतात यावर मी बेताचाच विश्वास ठेवते.

माझ्या जातीच्या गाड्या साध्या माणसांसाठी होत्या. बाहेरून पाहिले तर परिचारिकेने बाजारहाटाला न्यावी तशी गाडी. पण चढ आला की पोटातून जोर लावणारी. श्रीमंतांच्या वेगवान गाड्या असतात तशी ही शिक्षकांची, सुतारांची, खाटिकांची वेगवान गाडी.

माझे पहिले मालक व्लास्तिमिल हुदेचेक. ते भूमापक होते, आणि एकटे राहत. त्यांनी रंग, आसन, टायर यांची नोंद करून मला मागवले आणि पाच महिने वाट पाहिली. न्यायला आले तेव्हा खिशातून धुतलेला रुमाल काढून त्यांनी माझे स्टिअरिंग पुसले. त्यावर धूळ नव्हती. तरी पुसले.

गावात त्यांना सगळे 'इंजिनिअरसाहेब' म्हणत. आमच्या देशात माणसाची पदवी दारावरच्या पाटीपासून थडग्यावरच्या दगडापर्यंत त्याच्या नावाला चिकटून असते. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे हीदेखील इथे सहज घडणारी गोष्ट नव्हे. वयाने मोठ्याने ते देऊ करायचे असते, मग पेले भिडवून एकमेकांना पहिले नाव सांगायचे. असा एकदा दिलेला 'तू' परत घेतला जात नाही. माझे मालक कचेरीत एकाच माणसासमोर सव्वीस वर्षे बसले होते, आणि ते दोघेही अजून 'तुम्ही'वरच होते.

रस्त्यावर मात्र आम्हा गाड्यांचा वेगळा रिवाज होता. समोरून आपल्या जातीची गाडी आली की दिवा एकदा मिचकवायचा आणि स्टिअरिंगवरून दोन बोटे उचलायची. ज्याला ही ओळख दिली तो त्या क्षणापासून 'तू'.

पहिली ओळख आम्हाला लिपना घाटात मिळाली. समोरून करड्या रंगाची माझी एक बहीण आली, तिचा दिवा मिचकला, आणि तिच्या चालकाची दोन बोटे उठली. माझ्या मालकांना हे काय चालले आहे ते कळेना. घाटमाथ्यावरच्या खानावळीशी आम्ही थांबलो, तर तो माणूस गाडी वळवून मागे आलेला. त्याने काचेवर टकटक केली.

"ओताकार. खाटीक आहे. तू?"

मालक एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांनी आधी काच पूर्ण खाली केली. मग म्हणाले, "व्लास्ता." त्यांची आई त्यांना या नावाने हाक मारत असे, हे मला त्या दिवशी कळले.

"माझ्या आत्याचं नाव व्लास्ताच आहे," ओताकार म्हणाला. "पण ती तुझ्याइतकी हळू चालवत नाही."

मालक हसले. माझ्यात बसून ते हसताना मी प्रथमच पाहत होते.

पुढची सात वर्षे बरी गेली. दर मे महिन्यात लिपनाच्या खानावळीपाशी आमच्या जातीच्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा भरे. खाली मोहरीसारख्या फुलांची पिवळी शेते पसरलेली असत आणि त्यांच्यापुढे माझा रंग उठून दिसत नसे, याचे मला थोडे वाईट वाटे. माणसे भाजलेले सॉसेज खात, एकमेकांच्या गाडीच्या टायरला बुटाच्या टोकाने हलकेच ठोकत आणि मान डोलावत. टायरला ठोकून त्यांना काय समजते ते मला आजपर्यंत समजलेले नाही.

मग एका मेळाव्यात लिबुशेने बातमी वाचून दाखवली. लिबुशे औषधांचे दुकान चालवते. अप्रिय गोष्ट स्पष्ट आवाजात सांगायची तिला सवय आहे. कारखान्याने आमची जात बदलली होती. नाव तेच, बिल्ला तोच. पण दारे पाच, गिअर आपोआप पडणारे, आणि क्लच नाही. किंमतही आता साध्या माणसाची राहिली नव्हती.

खानावळीचे अंगण रागाने पेटले. कोणी नव्या गाडीला कपडे धुण्याचे यंत्र म्हणाले. ओताकार म्हणाला, "ही लिफ्ट आहे. बटण दाबा आणि उभे राहा." क्लबचा अध्यक्ष तोच असल्यामुळे त्याच्या मागोमाग दोन ठराव झाले: कारखान्याला निषेधाचे पत्र लिहायचे, आणि नव्या गाड्यांना रस्त्यावर ओळख द्यायची नाही.

नियमाचा मजकूर लिहायला अर्थातच माझे मालक. टेबले बशांनी भरली होती, म्हणून कागद माझ्या बॉनेटवर पसरला गेला. 'ज्या गाडीस तीन पेडल नाहीत तिला शक्यतो ओळख देऊ नये.' हे लिहून ते थांबले, आणि 'शक्यतो' हा शब्द त्यांनी खोडला. आडवी रेघ, तीवर पुन्हा एक.

लिबुशे म्हणाली, "असू दे की तो, व्लास्ता. एक शब्द काय खातोय का तुला?"

"नियमात 'शक्यतो' आला की नियम गेला," मालक म्हणाले.

मग पत्र. एक्केचाळीस सह्या झाल्या. लिबुशेने सुचवले की प्रत्येकाने सहीपुढे आपण गाडी कारखान्याकडून नवी कधी घेतली ते साल घालावे, म्हणजे पत्राला वजन येईल. कागद हातोहात फिरला आणि माझ्या बॉनेटवर परत आला. त्यावर एकच साल होते, माझ्या मालकांचे. बाकी सगळ्यांनी गाड्या जुन्या घेतल्या होत्या. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हाताच्या.

"चाळीस जणांनी प्रेम केलं," लिबुशे म्हणाली, "आणि लग्न एकानं."

"खाटकाला नवी गाडी परवडते का?" ओताकार म्हणाला.

"परवडावी म्हणूनच तर बनवत होते ना रे."

ओताकारने सालांची पट्टी कात्रीने कापून टाकली आणि पत्र तसेच पाठवले. कारखान्याकडून आभाराच्या दोन ओळी आल्या. आम्ही गाड्या माणसांच्या बोलण्यातून जन्मत नाही, मागणीतून जन्मतो; इतकी साधी गोष्ट त्या अंगणात एकट्या औषधवालीला माहीत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक गोष्ट मला सर्वांच्या आधी कळली. क्लचवर पडणारा पाय थरथरू लागला होता. आधी चढावर, मग सिग्नलपाशी, मग सपाट रस्त्यावरही. मालक क्लच दाबण्याआधी श्वास रोखून धरत. कोणाला त्यांनी सांगितले नाही. गुडघ्यात धातूचा सांधा बसवला गेला, आणि डॉक्टरांनी सांगितले की यापुढे गाडी चालवायची असेल तर क्लच नसलेली.

त्याच सुमारास ओताकारच्या करड्या गाडीचा तळ गंजून गेला. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बर्फ वितळवते आणि आम्हालाही. मालकांनी स्वतःहून मला ओताकारला देऊ केले. आपला पाय दमला आहे, एवढेच ते त्याला म्हणाले. मी क्लबमध्ये राहावे, लिपनाचा घाट चढत राहावे, अशी त्यांची इच्छा होती.

"काळजी करू नकोस, व्लास्ता," ओताकार म्हणाला. "तुझी लेक माझ्याकडे सुखानं नांदेल. आणि माहेरचं माणूस कधीही आलं तरी दार उघडं."

मालकांनी निघताना रुमाल काढला आणि माझे स्टिअरिंग पुसले.

मे महिना आला. ओताकार मला घेऊन घाट चढत होता. तिसऱ्या वळणावर समोरून पाच दारांची एक नवी गाडी आली. आमचाच बिल्ला, रंगही माझाच पिवळा. तिचा दिवा एकदा मिचकला. आतला चेहरा मला दिसण्याआधी हात दिसला, आणि स्टिअरिंगवरून उठलेली ती दोन बोटे.

माझा दिवा ओताकारच्या हातात होता. स्टिअरिंगवरची त्याची पकड घट्ट झालेली मला जाणवली. दिवा लागला नाही. आम्ही शेजारून निघून गेलो.

ती गाडी माझे पहिले मालक चालवत होते; ते वळून खानावळीपाशी आले आणि रांगेच्या टोकाला गाडी लावू लागले. ओताकार माझ्यातून उतरून त्यांच्याकडे गेला.

"इथं गाडी लावू नका, इंजिनिअरसाहेब," तो म्हणाला. "ही जागा क्लबच्या गाड्यांची आहे."

'लावू नका.' त्या दोन शब्दांत आठ वर्षांचा 'तू' परत घेतला गेला, आणि तो परत घेता येतो हे मला तेव्हा कळले.

लिबुशे उठून उभी राहिली. "ओताकार, गुडघ्यात धातू बसवलाय त्याच्या. औषधं माझ्याकडून नेतो तो. एवढं तरी—"

"राहू दे, लिबुशे," माझे मालक म्हणाले. "नियम बरोबर आहे. मीच लिहिलाय." मग ते ओताकारकडे वळले. "तिचा क्लच जरा वर, पाय बराच उचलल्यावर धरतो. थंडीत पहिला गिअर घाईनं टाकू नका."

त्यांनीही 'नका'च म्हटले. नवी गाडी मागे सरकली, वळली आणि निघाली. माझ्यासमोरून जाताना तिचा दिवा पुन्हा एकदा मिचकला. माझ्यात कोणी बसलेले नव्हते.

याला तीन वर्षे झाली. माझ्यासारख्या गाड्या आता होत नाहीत म्हणून ओताकार मला जपतो. जपतो म्हणजे चालवत नाही. अंगावर कापड असते. कधी तो येतो, कापड दूर करतो, आत बसून इंजिन सुरू न करता क्लच दाबतो आणि सोडतो, आणि निघून जातो. त्या मेळाव्यानंतर माझे पहिले मालक घाटावर आलेले नाहीत, हे मला लिबुशेच्या बोलण्यातून कळले. कारखान्याकडून नवी गाडी घेणारा आमच्या क्लबातला एकमेव माणूस, दुसऱ्यांदाही, तोच निघाला.

ओताकार टायर पाहतो, तेल पाहतो. त्याने एकदा माझे बॉनेट तिरप्या उजेडात पाहावे. पेनाचा दाब कागदातून माझ्या रंगापर्यंत पोचला होता आणि त्याची बारीक खूण अजून तिथे आहे: एक आडवी रेघ, तीवर पुन्हा एक. रेघांच्या खाली, बोट फिरवले तर, तो खोडलेला 'शक्यतो' आजही लागतो.