बुटातला पाव

सकाळी दारातच सगळ्यांचे फोन जमा करून घेतले होते. मुलांबद्दलचं बोलणं हॉलबाहेर जाऊ नये, म्हणून. बदल्यात प्रत्येकाला नंबराचा बिल्ला मिळाला. चष्मेवालीने तो पर्समध्ये टाकला, दुरुस्त करून आणलेल्या एका लहान चष्म्याशेजारी.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून चष्मेवाली. तिला स्वतःला चष्मा नव्हता आणि त्यावरून गटात वर्षभर थट्टा चालली होती. संस्थेचे स्वयंसेवक घरच्यांच्या छळातून सोडवलेल्या मुलांच्या बाजूने न्यायालयात बोलत. एकेकाला एकेक मूल. त्याला भेटायचं, त्याचं ऐकायचं, ते न्यायाधीशांपुढे मांडायचं. चष्मेवालीकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती. तीन घरांनी परत पाठवलेली ही मुलगी आता लाँड्रीवाल्या बाईंकडे राहत होती. ती तिथेच राहणार की वसतिगृहात जाणार, याचा निर्णय गुरुवारी होता.

यंदाच्या परिषदेला मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांनाही बोलावलं होतं. लाँड्रीवाली शेजारच्याच खुर्चीत होती.

"गारठले हो ताई," ती कुजबुजली. "आम्हाला इस्त्रीपाशी उभं राहायची सवय. इथं पंख्यांखाली तर माणसं वाळत घातल्यासारखी वाटतात."

चष्मेवाली हसली. दोघी रांगेच्या अगदी मध्यावर होत्या. दोन्ही बाजूंना गुडघेच गुडघे.

मंचावर प्रशिक्षक मॅडम बोलत होत्या. स्वयंसेवक दर महिन्याला आपल्या मुलाचा अहवाल त्यांनाच देत. त्यांच्या कॉलरला माइक लावलेला होता आणि तो बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. मघाशी त्यांनी शिपायाला हळूच विचारलं होतं, "चहात साखर विसरलात का?" आणि सगळ्या हॉलमधून "हो!" असं उत्तर आलं होतं.

"आता एक खरी गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "मुलगी अकरा वर्षांची, दुसऱ्या शहरातली. घाबरू नका, ओळख पटेल असं सगळं मी बदललंय."

पडद्यावर शाळेच्या बुटांचं चित्र आलं.

"ही मुलगी जेवताना पाव लपवायची. कुठे? बुटात. जिथे कुणी हात घालणार नाही तिथे."

हॉलभर "अरेरे" उमटलं. चष्मेवालीचे हात पर्सवर घट्ट झाले. हे तिनेच अहवालात लिहिलं होतं. मॅडमनी वय बदललं होतं, शहर बदललं होतं. ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतात म्हणून बूट मात्र तसेच ठेवले होते.

"अगं बाई," लाँड्रीवाली म्हणाली. "आमची पण अश्शीच करते. बुटाला मुंग्या लागल्या होत्या."

"बरीच मुलं करतात, वहिनी."

"बुटातच?"

पुढचं काय आहे ते चष्मेवालीला माहीत होतं. मुलगी रात्री खोलीला आतून कडी लावायची, कारण लाँड्रीवालीच्या नवऱ्याचा खोकला तिला बापाच्या खोकल्यासारखा वाटायचा. बाप खोकत जिना चढायचा, मग पट्टा काढायचा. लाँड्रीवालीचा नवरा मुलीला कधी टोचूनही बोलला नव्हता. मुलीने चष्मेवालीला कडीचं हे कारण सांगितलं आणि वर म्हणाली, "काकूला सांगू नका. काकांना वाईट वाटेल, मग मला पाठवून देतील." आधीच्या तिन्ही घरांनी याहून लहान कारणांवरून पाठवलं होतं.

मंचाशी जाऊन मॅडमच्या कानात सांगावं, तर कॉलरला माइक. फोन दारात.

"आणि रात्री ती आतून कडी लावायची," मॅडम म्हणाल्या. "सांगा बरं, का?"

लाँड्रीवाली खुर्चीत पुढे सरकली. तिने चष्मेवालीकडे वळून पाहिलं. आता डोळ्यांत हसू नव्हतं.

"भीतीने," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. पण कुणाच्या? त्याच घरात एक माणूस होता..." मॅडमनी चित्र पुढे सरकवायचं बटण हातात घेतलं.

चष्मेवाली उभी राहिली.

"मॅडम, थांबा. ही माझी गोष्ट आहे."

"तुमच्याकडची केस, हो, पण..."

"केस नाही. माझी. माझ्या लहानपणची. मी तुम्हाला विश्वासाने सांगितली होती."

मॅडमची नजर चष्मेवालीच्या शेजारच्या खुर्चीवर गेली आणि तिथेच थांबली. चेहऱ्याचा रंग उतरला.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी माफी मागते." पडदा काळा झाला.

चहाच्या सुट्टीत संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त वकील, चष्मेवालीला बाजूला घेऊन गेले. फार हळुवार बोलले. असं बालपण असलेली माणसं संस्थेला हवीच होती. पण निवडीच्या मुलाखतीत तिने तसं काही नसल्याचं सांगितलं होतं. नियमाप्रमाणे समुपदेशक हरकत नसल्याचं लिहून देईपर्यंत तिच्यावर कुठलंही मूल सोपवता येणार नव्हतं.

"गुरुवारी?"

"गुरुवारी दुसरं कुणी उभं राहील. तुम्ही स्वतःला जपा."

ते गेल्यावर मॅडम आल्या. आधी त्यांनी माइक काढून मुठीत धरला, मग त्यातली बॅटरीच काढली.

"मी साहेबांना खरं सांगते. जायची ती माझी नोकरी जाईल."

"आणि पुढे?"

मुलाची गोष्ट फुटली, तर काय फुटलं ते त्याला सांभाळणाऱ्या घराला लेखी कळवावं लागे. हा नियम मॅडमच दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत.

"एवढं अंगावर घेतलंस," त्या म्हणाल्या.

"दुसरं काय हाताशी होतं?"

बाहेर पडताना लाँड्रीवालीने तिला जिन्यात गाठलं. हात हातात घेतला. इस्त्रीने घट्टे पडलेला, उबदार हात.

"म्हणून तुम्हाला आमची पोर लगेच कळली. मला मेलीला उगाच भलतीच शंका आली. ताई, एक विचारू? आमचीही कडी लावते. आत काही झालं तर कळायचं कसं, म्हणून हे उद्या सुताराला बोलावणार आहेत. कडी काढून टाकायला."

"काढू नका."

"नको?"

"माझी काढली असती, तर मी झोपलेच नसते." खोटं आता सहज येत होतं. "लावू दे तिला. का लावतेस, असंही विचारू नका. तिची ती उघडेल."

"बरं. सुताराला नाही म्हणते." लाँड्रीवालीने डोळे पुसले. "गुरुवारी लवकर या हं. ती सारखी विचारते, ताई माझ्या बाजूला बसणार ना?"

चष्मेवालीने पर्स उघडली. बिल्ल्याखालून लहान चष्मा काढला, पुसला आणि पुढे केला.

"हा तिला द्या."

"तुम्हीच द्या की गुरुवारी. खूश होईल."

"नाही वहिनी. तुम्ही द्या. गुरुवारी दुसऱ्या कुणी येतील."

लाँड्रीवाली चष्मा हातात धरून उभी राहिली. मागून माणसं उतरत होती. दोघींना भिंतीला टेकावं लागलं.

"मग तिला काय सांगू?"

"सांगा, डावी काडी जरा सैल ठेवलीय," चष्मेवाली म्हणाली. "कान दुखायचा तिचा."