यल्लव्वाचं शेवटचं कडवं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, 'जुना' म्हटल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर जी कीव आली, ती आधी पुसून टाका. अडगळीत बसून उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. मी एक लढाई जवळून पाहिली आहे आणि ती आमच्या माणसांनी जिंकली आहे. तेव्हा नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणी स्क्रू पिळले, कुणी एक गाणं वाजवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कोल्हापुरातल्या एका दुकानात, १९९३ सालच्या दिवाळीत. मला कॅसेटचे दोन खण आहेत. एका खणात वाजणारं गाणं दुसऱ्या खणातल्या कोऱ्या कॅसेटवर जसंच्या तसं उतरवायचं, ही माझी खुबी. त्यामुळे शेजारच्या एकखणी टेपांकडे मी जरा नाक वर करूनच पाहत असे.

मला विकत घेतलं बाबासोंनी. ते एमआयडीसीत फिटर होते आणि गडमुडशिंगीला राहत. केएमटीच्या बसमध्ये त्यांनी मला सबंध वाट मांडीवर घेतलं. कंडक्टर खोक्याकडे पाहू लागला तसे ते म्हणाले, "हेचं तिकीट मागू नगा. लेकरू हाय माझं." सगळी बस हसली. मला मात्र फार बरं वाटलं.

घरात त्यांची बायको यल्लव्वा आणि मुलगी निशा. यल्लव्वाचं माहेर कर्नाटकच्या हद्दीजवळचं, म्हणून निशा तिला आई न म्हणता अव्वा म्हणायची. यल्लव्वा लोकांच्या शेतात कामाला जायची आणि काम करता करता गाणी रचायची. भीमजयंतीला वस्तीतल्या बुद्धविहारापुढं बायका गायच्या, त्यांतली निम्मी गाणी तिची असत. निशाला शाळेत घातलं त्या वर्षी तिनं एक गाणं केलं. ते असं सुरू होतं:

पाटी घे गं लेकी, पेन्सिल घे गं,
भीमाच्या वाटेनं शाळेला ये गं.

बाबासोंनी ढोलकी घेतली, निशानं माझी दोन बटणं एकदम दाबली आणि यल्लव्वा गायली. आवाज जाडाभरडा, पण असा खणखणीत की माझ्यावरचा आवाज मोजणारा काटा लाल रेषेच्या पार जायचा. शेवटचं कडवं होतं:

हाती माझ्या विळा, ओठावर गाणं,
यल्लव्वा म्हणे, माझं लेकरू व्हावं शाणं.

मित्रांनो, ही त्यांच्या गाण्यांची रीत आहे. ज्यानं गाणं रचलं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. दुसऱ्या कुणीही ते गाणं खुशाल म्हणावं, पण ते नाव घेऊनच उठावं. कायद्याची जाडजूड पुस्तकं यल्लव्वाच्या घरी नव्हती. हा एवढाच कायदा होता आणि तो सगळे पाळत.

ते गाणं पसरत गेलं. आज शेजारची शालूबाई कोरी कॅसेट घेऊन आली, उद्या तिची बहीण, परवा बिद्रीहून पाहुणे. मी गाणी उतरवत असे आणि लोक चहा पीत गप्पा मारत. बाबासो कुणाकडूनही काही घेत नसत. त्यांची एकच अट होती. भरलेली कॅसेट ते शेवटपर्यंत ऐकून बघायचे आणि मगच हातात द्यायचे. पुष्कळदा कोरी कॅसेट आखूड निघायची आणि शेवटच्या कडव्याच्या आधीच फीत संपायची. मग सगळं पुसून, दुसरं एखादं गाणं गाळून, पुन्हा पहिल्यापासून. एकदा कुरुंदवाडचा एक पाहुणा फार कंटाळला. "अवं, गाणं आलं की सगळं! एका कडव्यानं काय हुतंय?"

"पावणं," बाबासो म्हणाले, "नाव गेलं तर गाणं बेवारस हुतंय की. बसा, आनि एक चा घ्या."

पाहुणा बसला. त्याच्याही कॅसेटवर यल्लव्वाचं नाव मीच उतरवलं. लोक मला म्हणतील, 'तू नकला करणारा यंत्रोबा.' म्हणोत! मी नक्कल केली, पण नावासकट केली. त्याचा मला अभिमान आहे.

मग नवं शतक आलं आणि माझे दिवस फिरले. घरोघरी सीडी आल्या. आरशासारख्या चकचकीत आणि तितक्याच नाजूक, एक ओरखडा पडला की तीच ओळ घोकत बसणाऱ्या. पण खोटं का बोलू? एका तबकडीवर शंभर-शंभर गाणी मावत आणि आवाजात खरखर नसे. मी कपाटावर गेलो. माझ्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर पापडाचा डबा आला. पावसाळ्यात कपाटामागची भिंत ओलसर होई. त्या ओलीनं यल्लव्वाच्या गाण्याची मूळ कॅसेट बुरशी धरून चिकटून गेली. मी वरून पाहत होतो. जीव तुटत होता, पण यंत्राला हाक मारता येत नाही.

२००६ साली निशा कोल्हापुरात कॉलेजला होती. एके दिवशी ती बिंदू चौकातल्या एका दुकानावरून जात असताना आतून तेच गाणं ऐकू आलं. मागं सतरा वाद्यं, पुरुषाचा गोड आवाज. ती सीडी घेऊन धावतच घरी आली. शालूबाईच्या घरी सीडी लावायचं यंत्र होतं, ते आमच्याकडे आणलं. सगळे कान देऊन बसले. पाटी आली, पेन्सिल आली, भीमाची वाट आली, आणि शेवटच्या कडव्याआधीच गाणं थांबलं. वेष्टनावर छापलं होतं: 'गीत, संगीत, गायन: जोतीराम.'

यल्लव्वा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "गाणं म्हटलं म्हणून राग न्हाय," ती म्हणाली. "माझं नाव कापलं की गं त्येनं."

निशानं वेष्टनावरच्या नंबराला फोन लावला. जोतीराम हा त्या वेळचा नावाजलेला गायक. त्याचा माणूस म्हणाला, "तुमचं हाय तर पुरावा द्या." पुरावा बुरशीनं खाल्लेला, आणि घरोघरच्या कॅसेटी सीडी आल्यावर कधीच मोडीत गेल्या होत्या. त्याहून वाईट पुढंच झालं. वस्तीतली काही तरणी मुलं यल्लव्वालाच विचारू लागली, "मावशी, तुमीच त्यांचं गाणं उचललं न्हाईसा न्हवं? सीडीवर तर त्येंचं नाव छापलंय की!" बारा वर्षं जे गाणं तिचं होतं, ते छापील कागदानं एका दिवसात दुसऱ्याचं करून टाकलं. यल्लव्वा गायची थांबली. शेतातही गाईना. मित्रांनो, मला तेव्हा त्या चकचकीत तबकडीचा असा संताप आला की माझ्या आतले पट्टे ताणले गेले.

त्यातच जयंतीच्या कमिटीनं त्या वर्षी जोतीरामचाच कार्यक्रम ठरवला होता. सुपारी आधीच गेलेली. बाबासो चिडले. "मोडून टाकतो कार्यक्रम," म्हणाले.

"कशाला?" यल्लव्वा म्हणाली. "पावणा येतोय तर येऊ दे. मी म्होरं बसून ऐकणार."

निशानं पापडाचा डबा उचलला, मला खाली घेतलं, कापसाला स्पिरिट लावून माझं अंग आतून पुसलं आणि कोरी कॅसेट घातली. संध्याकाळी मी व्यासपीठाच्या कडेला, कर्ण्याच्या वायरींमध्ये बसलो होतो. समोर निळ्या पताका, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आजूबाजूच्या गावांचे पाहुणे. पहिल्याच रांगेत यल्लव्वा.

जोतीराम छान गायचा, हे कबूल केलं पाहिजे. लोकांनी फर्माईश केली ती त्याच गाण्याची. त्यानं ते रंगवलं, शेवटची ओळ लांबवली आणि हात जोडले. टाळ्या पडायला हव्या होत्या. एकही पडली नाही. लोक वाट पाहत होते. त्यांच्या कानांच्या हिशेबानं गाणं अजून संपलंच नव्हतं.

मग मागून शालूबाईचा आवाज आला, "हाती माझ्या विळा..." तिच्याबरोबर तिची बहीण, मग बायकांची एक रांग, मग दुसरी. बिद्रीचे पाहुणे उठून उभे राहिले. म्हातारे गायले, कडेवरची पोरं गायली. ज्या ज्या घरात मी उतरवलेली कॅसेट गेली होती, ती घरं त्या मैदानात गात होती. जोतीरामच्या पेटीवाल्याचेही हात आपसूक पेटीवर फिरू लागले. "यल्लव्वा म्हणे" या शब्दांना सगळं मैदान असं गर्जलं की माझा काटा लाल रेषेपलीकडे जाऊन तिथंच थरथरत राहिला. तसा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

जोतीराम पांढराफटक पडला. माइकमध्येच म्हणाला, "ह्या... ह्या बाई हयात हायत?"

"हाय की!" यल्लव्वा उठली. "तुझ्या म्होरंच बसलोय. कापायच्या आधी इचारायचं तरी!"

हशा उसळला. पण जोतीराम खाली उतरला, हे त्याचं मोठेपण. "जयभीम, आई," तो म्हणाला. "मला वाटलं कुणी जुनी बाई असंल, गेली असंल. गाणं लांब हुतंय म्हणून कडवं काढलं आनि मग माझंच नाव घातलं. चुकलं माझं."

"चुकलं तर चल वर," यल्लव्वा म्हणाली. "तू मागं धर."

ती गायली. जोतीराम मागं ध्रुवपद धरत होता. आणि ते सगळं, मित्रांनो, मी टिपून घेतलं. पुढच्या सीडीवर शेवटचं कडवं होतं आणि वेष्टनावर 'गीत: यल्लव्वा' असं ठळक छापलेलं होतं. शंका घेणारी ती तरणी मुलं तिच्याकडे सही मागायला आली. यल्लव्वानं प्रत्येकाला आधी शेवटचं कडवं म्हणायला लावलं!

काही वर्षांनी निशा मास्तरीण झाली. तिला तो कार्यक्रम इंटरनेटवर ठेवायचा होता, म्हणून मला वायर जोडून माझ्यातलं गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं. तिथं एक अडचण निघाली. जयंतीच्या दिवशी मी सेलवर चालत होतो आणि मला घरी आणताना बंद करायचं राहून गेलं होतं. त्यामुळे गाण्यानंतर शालूबाईचा आवाज होता. त्या रात्री ती यल्लव्वाच्या खांद्यावर डोकं ठेवून आपल्या लेकीच्या संसाराचं दुःख सांगत रडली होती. निशाला कॉम्प्युटर शिकवणारा सार्थक यल्लव्वाला म्हणाला, "हे पण ठेवूया की, काकू. लोकांना असलं खरंखुरं लई आवडतंय."

यल्लव्वानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "गाणं माझं हाय, ते मी दिलं. शालूबाईचं रडणं शालूबाईचं हाय. तिला इचारलंस?"

निशानं तेवढा भाग कॉम्प्युटरमधून काढला. पण यल्लव्वाला तेवढ्यानं चैन पडेना. तिनं शालूबाईला बोलावून घेतलं, सगळं खरं सांगितलं आणि तिच्यासमोर बाबासोंना म्हणाली, "कॅसेटवरनंबी जाऊ दे."

बाबासोंनी माझ्या एका खणात अगदी कोरी कॅसेट घातली आणि दुसऱ्या खणात ती. गाणं जिथं संपत होतं तिथं फीत आणून ठेवली. दोन बटणं दाबली. दोघी शेजारी शेजारी बसून फिरणारी चाकं पाहत होत्या. मी इतकी वर्षं गाणी उतरवली, पण त्या दुपारी मी शांतता उतरवली. एकही खरखर येऊ न देता, शालूबाईच्या दुःखावर ती अलगद पसरली. फीत संपली तेव्हा शालूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. त्यानंतर माझा पट्टा तुटला. तुटू दे. काम पुरं झालं होतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या खिशातल्या त्या इवल्या यंत्रांचा मला हेवा वाटत नाही. एका बोटानं तुम्ही गाणं जगाच्या टोकाला धाडता, जरूर धाडा! गाणी घरात कोंडायची नसतात. फक्त धाडण्याआधी त्याच्या धन्याचं नाव सोबत आहे ना, हे बघा. आणि जे कुणी विश्वासानं तुमच्याजवळ रडलं असेल, ते जगाला ऐकवायला तुमचं बोट कितीही शिवशिवलं, तरी यल्लव्वासारखं विचारा, "तिला इचारलंस?"